दोषाचा चहा

थोरात सर, तुम्ही गेल्यापासून आपल्या कारखान्यात एकही दोष निघाला नाही.

फलकावर रोज सकाळी शून्य लिहिलं जात होतं. धाकट्या साहेबांनी त्या शून्याचा फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवला, गेटवरच्या रखवालदारापासून सगळ्यांना पेढे वाटले. मीही पेढा घेतला, पण खाल्ला नाही, रुमालात बांधून ठेवला. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "मुल्लाणीबाई, जरा नाडी बघा हो. पेशंट ओरडत नाही म्हणजे बरा झालाय का गेलाय, ते आधी बघा."

चर्चमध्ये तुमच्या स्मरणार्थ प्रार्थना झाली तेव्हा पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि म्हणाले की थोरात सर वेळेचे पक्के होते, सगळ्यांशी मिळून मिसळून वागायचे, कारखान्यात त्यांनी शिस्त आणली. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं आणि एकाही वाक्यात तुम्ही नव्हतात. रत्नाकाकू पहिल्या बाकावर, तुमच्या नेहमीच्या जागेशेजारी बसून माझ्याकडे बघत होत्या. घरी येऊन मी इतकी चिडले की अम्मीने विचारलं, कुणाशी भांडून आलीस? मी म्हटलं, मेलेल्या माणसाशी. अजून भांडण संपलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. आमच्या घरच्या रीतीने तुमचा चाळिसावा दिवससुद्धा व्हायचाय.

माती देताना मला तुमचाच विनोद आठवला आणि हसू दाबताना मेले मी. "आपल्या दोघांचं एक बरं आहे बाई. तुम्ही मुसलमान, मी ख्रिस्ती, शेवटी दोघंही मातीत. लाकूड नको, रॉकेल नको. तेवढाच अपव्यय कमी." अपव्यय हा तुमचा लाडका शब्द. पुण्याच्या त्या जपानी पद्धतीच्या प्रशिक्षणातून परत आलात ते हाच शब्द घेऊन. जो वाट बघण्यात जातो तो वेळ अपव्यय, जे शोधण्यात जातं ते चालणं अपव्यय, आणि गरजेपेक्षा जास्त बनवून ठेवणं हा सगळ्यात मोठा. पोरांनी तुमचं नाव 'जपानी सर' ठेवलं होतं. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला, पोळीबरोबर ठेचा खाणारा जपानी!

मी तुमच्या विरोधात होते, हे तुम्हाला सांगायला नको. मी क्वालिटीची माणूस. झडप तपासायची, ठसा मारायचा किंवा बाजूला काढायची, एवढंच माझं जग. तुम्ही आलात आणि आधी जमिनीवर पिवळे पट्टे मारून घेतलेत. हत्यारांच्या मागे भिंतीवर त्यांच्या आकाराच्या सावल्या रंगवून घेतल्यात. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, रंगानं झडप गळायची थांबत असती तर आपण रंगारीच नेमला असता." पोरं हसली. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "थांबा. अजून रंग वाळू द्या."

रंग वाळायच्या आधी तुम्ही एक गोष्ट केलीत, आणि आज सगळं तिच्यापाशीच येऊन अडलं आहे. खंडेनवमी होती. यंत्रांना झेंडूचे हार घातलेले, लेथवर हळदीकुंकू, कारखान्याचे मालक मोठे साहेब धोतर नेसून पूजेला आलेले. नारळ फुटल्यावर तुम्ही पुढे झालात. "साहेब, उद्यापासून मी ह्या लोकांना शिकवणार, काम कमी वेळात, कमी माणसांत कसं करायचं. पण माणूस आपल्याच पोटावर पाय देणारी युक्ती कशाला सांगेल? तेवढं आधी बोला. सुधारणेमुळं इथल्या एकाही माणसाची नोकरी जाणार नाही, असं बोला." मोठ्या साहेबांनी तुमच्याकडे पाहिलं, मग हार घातलेल्या लेथवर तळहात ठेवला आणि तुमचं वाक्य शब्दाला शब्द म्हटलं. हत्यारावर हात ठेवून बोललेलं आपल्याकडे कुणी मोडत नाही.

मी तुम्हाला बाहेर गाठून म्हटलं, हे लिहून घ्या. तुम्ही म्हणालात, "लिहून मागितलं की त्याचा अर्थ विश्वास नाही असा होतो. मग शब्दाला काय राहिलं?" मी म्हटलं, सर, माणूस म्हातारा होतो, कागद होत नाही. आपण गेटपासून बसपर्यंत भांडलो. नंतरही कितीदा भांडलो. त्या भांडणात मी बरोबर होते, सर. तुम्ही चुकलात. हे म्हणायला तुम्ही समोर नाही, याचा मला फार राग येतो.

त्या शब्दानं काय केलं ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

पहिल्याच महिन्यात मांडवगणच्या नवनाथनं मशीन थांबवली. आपल्याकडे बाहेरून ओतीव सांगाडे येतात, आपण ते कापतो, घासतो, भोकं पाडतो आणि त्यांची झडप करतो. कधी कापताना आतून सुईच्या टोकाएवढं छिद्र उघडं पडतं. असा सांगाडा बाद करायचा असतो. पण बाद माल म्हणजे बोलणी, म्हणून पोरं काय करायची, तर लोखंडाची भुकटी घातलेली पुटी बोटानं त्या छिद्रात भरायची, वरून पॉलिश पेपर फिरवायचा. पाण्याच्या दाबाची चाचणी अशी झडप पास होते. पुटी पाण्यात तग धरते. आम्लात आणि गरम सॉल्व्हंटमध्ये मात्र धरत नाही. कुठल्या तरी रासायनिक कारखान्यात कुणाच्या तरी डोक्यावर ती झडप बसते आणि एक दिवस ते बोटभर काम विरघळतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. नवनाथ त्या दिवशी तो सांगाडा पोटाशी धरून तुमच्याकडे आला. "सर, ह्यात भोक हाय. म्या पाडल्यालं न्हाई, आतूनच हाय. आता काय करता ते करा."

तुम्ही काय केलंत? कँटीनमधून किटली मागवलीत, स्वतःच्या हातानं आलं ठेचून घातलंत, साखर तर अशी की चमचा उभा राहावा. आणि पहिला कप नवनाथला दिलात. "ह्यानं आज आपल्याला एक दोष मिळवून दिला." नवनाथला कळेना कप घ्यावा की पळावं. त्या दिवसापासून रीतच पडली. ज्यानं दिवसाचा पहिला दोष काढला, त्याला चार वाजता तुमच्या हातचा पहिला कप. पोरं त्याला दोषाचा चहा म्हणायची. बिहारचा आलम, ज्याला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, तो पहिला शब्द शिकला तो 'दोष'.

आणि आकडे बिघडले. प्रशिक्षण सुरू झालं आणि बाद माल दुपटीनं वाढला. मोठे साहेब घाबरले. मी तर टाळ्याच पिटल्या असत्या. बैठकीत मी म्हणाले, शिकवण्याआधी बरं चाललं होतं. तुम्ही म्हणालात, "पोराला ताप होताच. आता घरात थर्मामीटर आलाय, इतकंच. तो मोडून ताप उतरायचा नाही." मग आपण दोघं ओतकाम करणाऱ्याकडे गेलो. त्याच्याकडे वाळू ओलसर राहत होती, तिचीच वाफ छिद्रं पाडत होती. त्यानं वाळू सुधारली आणि हळूहळू छिद्रंच कमी झाली. माल वेळेवर जायला लागला. गोदामात जिथं रचलेल्या पेट्यांमधून आडवं होऊन जावं लागायचं तिथं पोरं जेवायला बसू लागली. यंत्रावरची हत्यारं बदलायचं जे काम अर्धी पाळी खायचं ते चहाच्या वेळात होऊ लागलं. मी तुमच्यापुढे कधी कबूल केलं नाही, पण घरी अम्मीला सांगायचे, ह्या माणसानं कारखाना ताळ्यावर आणला. आज सांगते. उशीर झाला, पण सांगते. तुमच्यामुळे मला माझ्या ठशाची लाज वाटेनाशी झाली होती.

कामातून मोकळी झालेली माणसं तुम्ही घरी पाठवली नाहीत. त्यांची टोळी केलीत. एक यंत्रांची देखभाल बघायचा, एक नव्या पोरांना शिकवायचा, एक फक्त फिरून लोकांचे त्रास ऐकायचा. मोठे साहेब म्हणायचे, "थोरात, ही माणसं रिकामी दिसतात." तुम्ही म्हणायचात, "साहेब, विहिरीला पाणी दिसतं, झरा दिसत नाही." साहेब मान डोलवायचे. त्यांना पटायचं की नाही देव जाणे, पण लेथवर हात ठेवलेला होता.

मग मोठ्या साहेबांचे गुडघे गेले आणि त्यांचे चिरंजीव, धाकटे साहेब आले.

त्यांना मी वाईट म्हणणार नाही. तुम्हीही म्हणाला नाहीत. कष्टाळू पोरगा आहे, सकाळी सगळ्यांच्या आधी येतो, माझ्याशी अदबीनं बोलतो. गिऱ्हाईक दरवर्षी भाव पाडून मागतं आणि ते ओझं त्याच्या डोक्यावर आहे. त्यानंही कुठेतरी हेच प्रशिक्षण घेतलं होतं. तुमचेच शब्द, तीच चित्रं. पहिल्या बैठकीत त्यानं विचारलं, "सर, आपण एवढा वेळ वाचवला. मग तो गेला कुठे? पगारपत्रकात तर दिसत नाही." तुम्ही समजावत राहिलात. शिकवण तीच होती, फक्त तिचं पहिलं वाक्य त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि ते कागदावर नव्हतं.

पुढचं एकेक तुमच्या समोरच झालं. तुम्हाला मानानं वरच्या मजल्यावर केबिन दिली आणि खाली उतरायचं काम ठेवलं नाही. चार वाजताचा चहा बंद झाला, कारण त्यात यंत्रं उभी राहतात. दाराजवळ नवा फलक आला. त्यावर प्रत्येक कामगाराचा फोटो आणि त्याच्या मशीनवर बाद झालेल्या प्रत्येक नगामागे एक लाल टिकली. त्यावरून नोकरी जाईल असं कुणी म्हटलं नव्हतं, पण देखभालीतून परत मशीनवर लावलेल्या एका माणसाला पहिल्यांदा कामावरून काढलं तेव्हा सगळ्यांनी जाऊन त्याच्या फोटोखालच्या टिकल्या पाहिल्या. तेवढं पुरलं. एरवी गाणी म्हणत काम करणारी ती पोरं बोलायचीच थांबली. वर्कशॉपमध्ये फक्त यंत्रांचा आवाज उरला. सूचनांची पेटी मी उघडायचे तर आत एक मेलेला कोळी. मी पेटी हलवून बघायचे, वेड्यासारखी.

आपलं शेवटचं बोलणं पार्किंगमध्ये झालं. आपल्या कुरकुंभ वसाहतीच्या हवेला त्या संध्याकाळी रसायनांचा तो गोडसर वास होता, जो आला की आपण नाक मुरडतो आणि पुढे चालू लागतो. तुम्ही स्कूटरवर बसलात, किक मारली नाहीत. म्हणालात, "मुल्लाणीबाई, मी ह्या लोकांना शिकवलं ते बरोबर केलं ना? म्हणजे, मी त्यांना स्वतःचं काम कमी करायला शिकवलं आणि आता त्याच युक्तीनं त्यांना कुणी कमी करणार असेल, तर मी कुणाचा माणूस झालो?" इतकी वर्षं तुमच्याशी भांडणारी मी, त्या क्षणी तुमच्या बाजूनं भांडायला हवं होतं. मी तोंड उघडलं तेवढ्यात कंपनीची बस हॉर्न वाजवत आली, माझी जागा जाईल म्हणून तुम्हीच म्हणालात, "जा जा, उद्या बोलू." तो शनिवार होता. रविवारी सकाळी उपासनेला निघताना बुटाची नाडी बांधता बांधता तुम्ही पुढे झुकलात ते उठलाच नाहीत.

मला जे म्हणायचं होतं ते आता ऐका. तुम्ही शिकवलं ते बरोबर होतं. पण ते विस्तवासारखं आहे सर, चुलीत असलं तर भाकरी भाजतं. तुम्ही चूल बांधली होती. चूल काढली आणि विस्तव ठेवला, तर त्याचा दोष विस्तवाला कसा देणार? एवढंच. एवढंच सांगायचं होतं, आणि त्यासाठी मी बस सोडायला हवी होती.

तर मग फलकावर शून्य आलं. धाकटे साहेब खूश. मी दर सकाळी त्या शून्याकडे बघून घाबरायचे. ओतीव सांगाडे तेच, ओतणारा तोच, यंत्रं तीच, आणि एकही छिद्र नाही? गेल्या आठवड्यात मी पाठवणीला लावलेल्या झडपांमधली एक उचलली. चाचणी झालेली, माझा ठसा असलेली. किल्लीच्या टोकानं खरवडलं. एका ठिकाणी किल्ली घसरली नाही, रुतली. राखाडी भुकटी निघाली. मी दुसरी घेतली. तिच्यातही. पोरं आपापल्या मशीनवर मान खाली घालून काम करत होती. एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि सगळे मला बघत होते.

त्याहून वाईट मला दुसऱ्या मिनिटाला आठवलं. असल्याच झडपांची आधीची खेप आपण रस्त्यापलीकडच्या रासायनिक कंपनीला दिली होती. नवनाथचा धाकटा भाऊ तिथं ऑपरेटर आहे. भीमा ओलांडून दोघं भाऊ एकाच मोटारसायकलवर येतात, एक डावीकडं वळतो आणि एक उजवीकडं.

मी वर गेले आणि धाकट्या साहेबांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण पहिला प्रश्न होता, "कुणी केलं?" मी म्हटलं, ते महत्त्वाचं नाही, किती दिवसांपासून केलं ते महत्त्वाचं आहे, कुठली खेप चांगली आणि कुठली नाही ते फक्त त्या पोरांना माहीत आहे. ते म्हणाले, "सोमवारी तुम्ही प्रशिक्षण घेणारच आहात. थोरात सरांच्या जागी. विषय जबाबदारी ठेवा. ज्यानं केलं तो सापडला पाहिजे, आणि घरी गेला पाहिजे. लोकांना उदाहरण मिळेल." मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांबायचं? ते म्हणाले, "मॅडम, नक्की माहीत नसताना गिऱ्हाइकाला फोन केला तर आपण उद्या कारखान्याला कुलूप लावू." रविवार कसा गेला ते विचारू नका. मी गच्चीवर उभी राहून कुरकुंभच्या दिशेला बघत होते. अम्मीनं जेवायला तीनदा हाक मारली.

सोमवारी तुमच्या जागी उभी राहिले. पडद्यावर तुमचीच चित्रं होती. सगळी पाळी समोर बसलेली, हात मांडीवर, चेहऱ्यावर काही नाही. धाकटे साहेब दाराशी उभे. मी 'जबाबदारी' हा शब्द वाचला आणि पडदा बंद केला. म्हणाले, "झडपांत पुटी आहे. मला कुणाचं नाव नको. कधीपासून आणि कुठल्या खेपेत, एवढं सांगा. जो सांगेल त्याची नोकरी जाणार नाही."

मग नवनाथ उठला. अंगानं उतरलाय तो हल्ली.

"मॅडम, ह्यो शबुद कुणाचा? सायबांचा का तुमचा?"

मी दाराकडे पाहिलं. साहेब जमिनीकडे बघत होते.

"माझा," मी म्हटलं.

"तुमच्या शबदावर आमची चूल पेटंल व्हय? उद्या तुमालाच काढलं तर?"

"तर नाही पेटणार. तुला खोटं कशाला सांगू? पण मला काढल्याशिवाय तुमच्यातल्या कुणाला काढता येणार नाही, एवढं मी करीन. ह्यापुढे माझ्या हातात काही नाही." मग मी ते बोलले जे बोलायचं नाही असं ठरवून आले होते. "नवनाथ, त्या झडपा रस्त्याच्या पलीकडं बसवल्यात. तुझा भाऊ कुठल्या पाळीला आहे?"

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. कुठं गेला माल हे त्याला माहीत नव्हतं, सर. आम्ही कुणाला सांगतच नाही ना हल्ली, माल कुठं जातो ते. तुम्ही पाठवणीच्या पेटीवर गिऱ्हाइकाचं नाव मोठ्या अक्षरात लिहायला लावायचात, तेही बंद झालंय. मग नवनाथनं हात वर केला.

"म्या लावली. फलक लागला त्या आठवड्यापासनं. जवा जवा भोक दिसलं तवा."

"मैंने भी," आलम म्हणाला. त्याचाही हात वर. "डर लगता था मॅडम."

मग मागच्या रांगेतून एक हात वर गेला, मग त्याच्या शेजारचा. मी एक जण शोधायला आले होते, आणि खोलीत खाली राहिलेला हात शोधावा लागत होता. धाकटे साहेब दाराची चौकट धरून उभे होते. ते एकच बोलले, अगदी हळू, "सगळ्यांनी?" मला त्यांची दया आली. शून्य त्यांनी मागितलं होतं आणि सगळ्यांनी मिळून ते त्यांना बनवून दिलं होतं.

मी तिथूनच पलीकडच्या कंपनीला फोन लावला. साहेबांकडे परवानगी मागितली नाही, त्यांनीही अडवलं नाही. पलीकडचे इंजिनिअर म्हणाले, "मॅडम, बसवून झाल्यात की. लाइन चालू केली." मी सांगितलं काय ते. मग ते कुणावर तरी ओरडले आणि फोन तसाच टाकून गेले. नवनाथ एव्हाना गेटबाहेर पळत सुटला होता. आम्ही सगळे त्याच्या मागं फाटकापर्यंत गेलो आणि तिथं उभे राहिलो, साहेबसुद्धा. समोर चिमणी, पाइप, त्यांचा नेहमीचा घरघराट. आलम पुटपुटत दुआ मागत होता. मीही मागितली. तो घरघराट हळूहळू उतरला आणि थांबला.

त्यांनी झडपा उतरवल्या. एकीच्या पोटाला घाम फुटल्यासारखा ओलावा आला होता. इंजिनिअर म्हणाले, अजून दोनेक दिवस, फार तर. नवनाथच्या भावानं तिच्याकडे बोट दाखवून सांगितलं की तो रोज तिच्याखालीच उभा राहून रीडिंग घेतो.

फलक साहेबांनी स्वतः उतरवला. माझं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, पोरांचंही नाही. काल ते मला म्हणाले, "बाबांनी खरंच असा शब्द दिला होता?" मी म्हटलं, दिला होता, लेथवर हात ठेवून. ते म्हणाले, "कुठं लिहिलेलं आहे?" त्यांनी वाईट हेतूनं विचारलं नाही, सर. त्यांना खरंच आधाराला काहीतरी हवं होतं. आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मी मोठ्या साहेबांना विचारायला गेले, तर त्यांनी मला ओळखलं नाही.

मी आता मिळेल त्या गिऱ्हाइकाला फोन लावते आहे. पोरं मदत करतात, आठवून आठवून खेपा सांगतात. बऱ्याच झडपा परत मिळाल्या. पण एक खेप शिरूरकडच्या व्यापाऱ्यानं नेली होती आणि ती त्यानं सुटी सुटी विकली. कुणाला, ते त्याला आठवत नाही. रोख घेणारी माणसं होती, म्हणाला, नाव कोण विचारतं. मी त्याला पुन्हा फोन केला, मग त्याच्या दुकानी जाऊन बसले. त्यानं मला चहा पाजला आणि हात जोडले.

म्हणजे थोरात सर, मी हे लिहिते आहे तेव्हा त्या झडपा कुठल्या तरी कारखान्यात पाइपावर बसलेल्या आहेत. त्यांच्याखालून कुणीतरी डबा घेऊन पाळीवर जातंय, वर न बघता. बघितलं तरी त्याला काही दिसणार नाही. उलट त्याचा जीव निर्धास्त होईल, कारण प्रत्येकीच्या कडेवर तपासणीचा ठसा आहे, आणि तो माझा आहे.